हवेवरचा वाटा
(असीरगड येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



किल्ला पाहून आपण सगळे खाली आलो आहोत, जेवणेही झाली आहेत. जेवणानंतरच्या भाषणाला किती कान मिळतात हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. तरीही अध्यक्षांच्या आग्रहावरून उभे राहिलो आहोत, कारण विषय कानाचाच आहे. रेडिओ आणि गावची केबल वाहिनी हा तो विषय. मेळाव्यात हा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि मग मत द्यावे, एवढीच विनंती.

सकाळी आपण वर बुरुजावर उभे होतो. या किल्ल्याला जुन्या काळी 'दख्खनचा दरवाजा' म्हणत. 1601 साली तो अकबराच्या हाती गेला, अठराव्या शतकात मराठ्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे राहिला आणि 1819 मध्ये इंग्रजांनी तो कायमचा घेतला. आपल्यापैकी कितीतरी घराणी त्या मराठी अमदानीत या मुलखात आली आणि इथलीच झाली. 1956 पर्यंत तर आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्याची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि निमाडातला मराठी माणूस एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाला. घर तेच, देव्हारा तोच, बदलले ते दरबाराचे भाषिक वळण.

त्यानंतर आपल्या कानावर मराठी कुठून येत होती? आमच्या लहानपणी घरात एक मोठा रेडिओ होता. त्याच्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर गणपती. सकाळी साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या लागत. रात्री सुई हळूहळू फिरवून नागपूर लावायचे, कधी जळगाव. खरखर यायची, आवाज मधेच बुडायचा, तरी वडील कान लावून बसत. खंडव्याचे आकाशवाणी केंद्र आपल्याला सर्वांत जवळचे. ते आपलेच आहे आणि त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. पण बुरहानपूरच्या माणसाला बुरहानपूरची गोष्ट मराठीतून सांगणारा आवाज तेव्हाही नव्हता.

एक गंमत पाहा. आपल्याच जिल्ह्यात नेपानगर आहे. वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला पहिला कारखाना तिथे उभा राहिला आणि 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले. साऱ्या देशाच्या बातम्या ज्या कागदावर छापल्या, तो कागद आपल्या जिल्ह्याने पुरवला. आपली बातमी मात्र आपल्याला इंदूर, भोपाळ किंवा जळगावहून कळते.

मधल्या काळात एक सोय झाली होती. 1990 नंतर घरोघर केबल आली आणि गावोगावच्या केबलवाल्यांनी आपापली छोटी वाहिनी काढली. आमच्या भागातही तशी एक होती. एक खोली, एक कॅमेरा, एक मुलगा बातम्या वाचणारा, एवढाच पसारा. उच्चार यथातथा होते. पण नळाला पाणी कधी येणार, वीज कुठे बंद राहणार, तापीचे पाणी किती चढले, हे तिथे कळायचे. आपल्या गणेशोत्सवातले नाटक त्या वाहिनीवर दोनदा दाखवले होते आणि त्यातली मुले महिनाभर बाजारात ऐटीत फिरत होती.

पुढे कायद्याने केबल डिजिटल झाली. महानगरांपासून सुरुवात झाली, 31 मार्च 2013 ची मुदत इंदूर-भोपाळसारख्या शहरांना होती, 31 डिसेंबर 2015 ची बाकीच्या शहरी भागाला. सेट-टॉप बॉक्स आला, चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या शेकड्याने वाढल्या. पण आता सिग्नल दूरच्या मोठ्या शहरातून येऊ लागला. छोट्या वाहिनीला त्यात जागा हवी तर पैसे मोजायचे आणि ते पैसे आमच्या केबलवाल्याकडे नव्हते. वाहिनी बंद पडली. त्याने कॅमेरा विकला. वाईट वाटले खरे, पण आपण कोणी काही केले नाही. आम्हीही केले नाही, हे आधी कबूल करतो.

त्याची किंमत काय, ते नंतर कळले. आमच्या मामांची तापीकाठी केळीची बाग आहे. एका वैशाखात दुपारी ऊन तापलेले, संध्याकाळी वावटळ आणि पाऊस. वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला आणि पंधरा-वीस मिनिटांत बाग आडवी झाली. घड लागलेले झाड वरून जड असते, मोडायला वेळ लागत नाही. वादळाचा इशारा दुपारीच निघाला होता, असे दुसऱ्या दिवशी समजले. मामा म्हणाले, "अरे, वादळ कोणी थांबवू शकत नाही. पण दुपारी कोणी सांगितले असते, तर कटाईला आलेला माल तेवढा उतरवून घेतला असता." इशारा निघाला होता, पण तो आमच्या गावापर्यंत आमच्या भाषेत आणणारे कोणी उरले नव्हते.

आता मूळ विषयाकडे येतो. हवेवरून आवाज पाठवण्याचा हक्क कोणाचा? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी मोठा निकाल दिला. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला होता. खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यासाठी स्वायत्त सार्वजनिक यंत्रणा असावी, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे ही हवा सरकारची एकट्याची नाही आणि पैसेवाल्यांचीही एकट्याची नाही. आपल्या अंगणातून जाणाऱ्या लहरींवर आपलाही वाटा आहे.

पण नुसता हक्क असून चालत नाही, हिशेबही जुळावा लागतो. आम्ही बँकेत कारकुनी करतो, म्हणून हिशेबाची बाजू थोडी उलगडून सांगतो.

आपल्या देशात रेडिओ आधी सरकारने सुरू केला नाही. 1923 पासून मुंबईत हौशी लोकांचा रेडिओ क्लब होता. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला 10 रुपये परवाना फी भरायची आणि तिच्या वाट्यावर कंपनी चालायची, अशी योजना होती. रेडिओ घेणारेच थोडे, त्यामुळे 1930 मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारला कारभार हाती घ्यावा लागला. 1936 मध्ये त्याचे 'ऑल इंडिया रेडिओ' झाले.

तीच चूक सत्तर वर्षांनी पुन्हा झाली. खाजगी एफ.एम.चा पहिला टप्पा 1999-2000 मध्ये आला. 40 शहरांतल्या 108 वाहिन्या लिलावात काढल्या. परवान्याची फी ठरलेली आणि तीही दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणारी. उत्पन्न होवो न होवो, फी चढतच राहणार. अखेरीस फक्त 12 शहरांत 21 वाहिन्या उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी गाशा गुंडाळला किंवा सुरुवातच केली नाही.

इथे व्यापारी संघटनांचे महत्त्व कळते. एकेका कंपनीने अर्ज करून सरकार हलले नसते. उद्योगाने एकत्र येऊन बाजू मांडली, 2003 मध्ये फिक्कीचे डॉ. अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि 2005 च्या दुसऱ्या टप्प्यात ठरीव फी जाऊन उत्पन्नाच्या 4 टक्के वाटा घेण्याची पद्धत आली. त्यानंतर वाहिन्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. गाऱ्हाणे खरे होते, आकडे हाताशी होते आणि मागणारे एकजूट होते, म्हणून ते साधले.

आज खाजगी एफ.एम.वाल्यांची संघटना आहे, तिचे नाव असोसिएशन ऑफ रेडिओ ऑपरेटर्स फॉर इंडिया. गाण्यांच्या मानधनाचा वाद असो, जाहिरातींचे सरकारी दर असोत की परवान्याची फी, ती सरकारदरबारी भांडते. परदेशातही असेच आहे. अमेरिकेतली प्रसारकांची राष्ट्रीय संघटना 1923 मध्ये जन्मली तीच मुळी संगीताच्या मानधनाच्या भांडणातून. धंदेवाल्यांनी स्वतःच्या धंद्यासाठी भांडावे यात वावगे काही नाही. आपल्याला पाहायचे ते एवढेच, की त्यांच्या कोणत्या मागण्या आपल्याही कामाच्या आहेत.

पहिली मागणी बातम्यांची. आपल्या देशात खाजगी वर्तमानपत्र बातमी छापू शकते, खाजगी टी.व्ही. बातमी दाखवू शकतो, पण खाजगी रेडिओला स्वतःची बातमी सांगण्याची परवानगी दिलेली नाही. तिसऱ्या टप्प्याच्या 2011 च्या धोरणात आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची मुभा मिळाली. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, नोकरीची माहिती, वीज-पाण्याच्या आणि नैसर्गिक आपत्तीच्या सूचना यांना 'बातमी' धरले जात नाही, तेव्हा त्या देता येतात. म्हणजे मामांच्या बागेचा इशारा आजही कायद्याने देता येतो. पण नगर निगमच्या सभेत काय ठरले, नुकसानभरपाईची यादी कुठे अडली, हे सांगता येत नाही. कॉमन कॉज या संस्थेने या बंदीविरुद्ध 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. ट्रायने म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 5 सप्टेंबर 2023 च्या शिफारशीत दर तासाला 10 मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात असे सुचवले. तासाला 10 मिनिटे म्हणजे फार नाही. जिल्ह्याच्या गावाला तेवढी पुरतात.

दुसरी मागणी फीची. तिसऱ्या टप्प्यात वर्षाची फी अशी ठरली होती: उत्पन्नाच्या 4 टक्के किंवा लिलावातल्या प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यात जे जास्त ते. समजा, एका छोट्या शहरासाठी 1 कोटीला बोली लागली. वर्षाचे उत्पन्न आले 20 लाख. चार टक्क्यांनी होतात 80 हजार, पण भरायचे अडीच लाख. मोठ्या शहरातल्या वाहिनीला हे जाणवत नाही, छोट्या गावातली मात्र तिथेच मरते. ही अट काढावी असे ट्रायने 2023 मध्ये म्हटले. 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तेव्हा या शहरांसाठी जी.एस.टी. वगळून उत्पन्नाच्या 4 टक्के एवढीच फी ठेवली. त्या वेळी देशात 113 शहरांत 388 खाजगी वाहिन्या होत्या. नव्या यादीत खंडव्याचे नाव आहे आणि बुरहानपूरचेही. मातृभाषेतून स्थानिक कार्यक्रम वाढावेत, हा हेतूही सरकारने त्या वेळी बोलून दाखवला. ते शब्द आपण जपून ठेवायला हवेत.

तिसरी मागणी मोबाइलची. पूर्वीच्या साध्या फोनमध्ये एफ.एम. असायचा. नव्या कितीतरी फोनांत तो दिलेला नसतो किंवा बंद ठेवलेला असतो. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याने फोन बनवणाऱ्यांच्या संघटनांना पत्र लिहून एफ.एम. चालू ठेवण्याचा सल्ला दिला. सल्लाच तो, सक्ती नव्हे. असीरगडच्या घाटात नेट कसे चालते हे आज इथे येताना तुम्ही अनुभवलेच आहे. रेडिओला नेट लागत नाही आणि टॉवर पडला तरी दूरच्या केंद्राचा आवाज येत राहतो. आपत्तीत याची किंमत फार मोठी आहे.

या तिन्ही मागण्यांना आपण मनापासून पाठिंबा द्यावा, असे आमचे मत आहे.

पण मंडळी, इथेच थांबलो तर आपण फसू. संघटनेच्या मागण्या सगळ्या धंद्याच्या. त्यात भाषेचा शब्द कुठे आहे? उद्या लिलावात बोली लागली, बुरहानपुरात वाहिनी सुरू झाली, तरी ती मराठीत एक तास तरी बोलेल याची हमी कोण देणार? जाहिरात मिळेल त्या भाषेत वाहिनी बोलणार. ती मुंबई-इंदूरला तयार झालेली गाणी लावील, मधूनमधून दोन चुटके सांगील आणि त्याला 'स्थानिक' म्हणेल. यात त्या मालकाला दोष देता येणार नाही. त्याला बँकेचा हप्ता भरायचा असतो. भाषेची काळजी ज्याची त्यानेच करायची.

म्हणून दुसरा रस्ता पाहावा लागतो, तो म्हणजे सामुदायिक रेडिओ. हा नफ्यासाठी नसतो. 2002 मध्ये तो फक्त शिक्षणसंस्थांना मिळाला, 2006 च्या धोरणाने सेवाभावी संस्थांनाही खुला झाला. 100 वॅटचे छोटे केंद्र, 30 मीटरपर्यंतचा मनोरा, साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. कार्यक्रमांपैकी निम्मे तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने तिथेच तयार व्हायला हवेत आणि ते लोकांच्या बोलीत असावेत, अशी अपेक्षा आहे. तेलंगणात पस्तापूरला दलित बायकांनी 2008 पासून 'संघम रेडिओ' चालवला. आपल्या महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी बायकांचा रेडिओ आहे. लांब कशाला, शेजारच्या खंडवा जिल्ह्यात खालव्याला राज्याच्या आदिवासी विभागाच्या 'वन्या' संस्थेने कोरकू भाषेसाठी केंद्र काढले. कोरकूसाठी होऊ शकते, तर मराठीसाठी का होऊ नये?

खर्चाचे म्हणाल तर फेब्रुवारी 2024 मध्ये नियम सैल झाले. तासाला 7 मिनिटांऐवजी 12 मिनिटे जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये झाला. 12 मिनिटांत 10 सेकंदांच्या 72 जाहिराती बसतात, म्हणजे तासाला 5,328 रुपये. आता हा आकडा ऐकून कोणी लगेच खूश होऊ नये. सगळी मिनिटे कधीच भरत नाहीत आणि सरकारी बिल वेळेवर वटत नाही. निम्म्याच्या निम्मे धरून चालावे, म्हणजे झोप नीट लागते. उपकरणांसाठी केंद्राची अनुदान योजना आहे, पण रोजचा गाडा आपल्यालाच ओढायचा आहे.

आता खरी अडचण सांगतो. त्यासाठीच आज बोलायला उभे राहिलो.

सामुदायिक रेडिओचा परवाना राजकीय पक्षाला मिळत नाही. पक्षाला जोडलेल्या विद्यार्थी, महिला, कामगार अशा कुठल्याही आघाडीलाही मिळत नाही. एकट्या व्यक्तीला मिळत नाही आणि नफा कमावणाऱ्या कंपनीलाही नाही. नोंदणी झालेली, निदान तीन वर्षे काम केलेली सेवाभावी संस्था लागते. आपले मंडळ जुने आहे, नोंदणी आहे, वर्षे भरलेली आहेत. पण आपल्या या पत्रकात आपण काय छापतो? निवडणूक आली की आपल्यातले काही इकडच्या व्यासपीठावर बसतात, काही तिकडच्या, आणि मंडळाचा फलक दोन्हीकडे नेतात. परवान्याची चौकशी झाली आणि आपले मागचे अंक कोणी समोर ठेवले, तर आपण काय उत्तर देणार?

मागच्या बैठकीत काही तरुण म्हणाले, एखाद्या पुढाऱ्याला हाताशी धरले की काम होऊन जाईल. तसे होईलही. पण मग रेडिओ त्या पुढाऱ्याचा होईल आणि पुढच्या निवडणुकीत तो हरला की रेडिओही हरेल. आपण राजकारणावर लिहावे, बोलावे, मत द्यावे. आम्हीही लिहितो. पण कुठल्याच पक्षाचे बोट न धरता हे काम करायचे असेल, तर रेडिओसाठी वेगळी संस्था नोंदवावी, तिच्या कार्यकारिणीत कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी नसावा आणि तीन वर्षे तिने शांतपणे वाचनालय, संस्कारवर्ग, आरोग्य शिबिरे अशी कामे करावीत. तीन वर्षे फार वाटतात? 1956 पासून किती वर्षे गेली ते मोजा.

दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या शाळेने, महाविद्यालयाने किंवा कृषी विज्ञान केंद्राने अर्ज करावा आणि आपण कार्यक्रम करून द्यावेत. शिक्षणसंस्थांना हा परवाना घेता येतो. आपल्यातले जे संस्थांच्या समित्यांवर आहेत त्यांनी याचा विचार करावा. हा रस्ता आम्हाला जास्त जवळचा वाटतो.

केबलचा एक मार्गही अजून उघडा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने मोठ्या केबल कंपन्यांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी नियम केले. त्यात जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक कार्यक्रमांसाठी दोन वाहिन्यांची जादा मुभा ठेवली. स्थानिक बातम्या द्यायच्या तर चालवणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली हवी, अशी अट आहे. म्हणजे आमच्या त्या केबलवाल्यासारख्या एकट्या माणसाला ते कठीण आहे. पण कंपनीकडे जाऊन आठवड्यातून एक तास मराठी कार्यक्रम मागणे आपल्या हातात आहे. मागायला आपण गेलोच नाही, तर ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरेल.

मराठी मागताना एक पथ्य पाळावे. हे गाव एकट्या मराठीचे नाही. इथे निमाडी आहे, उर्दू आहे, गुजराती, सिंधी आहे, डोंगरात कोरकू आहे. पिढ्यान् पिढ्या आपण एका बाजारात व्यवहार केला, एकमेकांच्या लग्नांना गेलो. आपण तासभर मराठी मागायची तर शेजाऱ्याच्या तासालाही हात वर करायचा. तसे केले तर मागणी गावाची होईल, आणि गावाच्या मागणीला वजन असते. घटनेच्या कलम 29 ने भाषा जपण्याचा हक्क प्रत्येक गटाला दिला आहे, कलम 350-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. त्यांच्याकडेही निवेदन धाडता येते.

सकाळी वर किल्ल्यावर आमचा भाचा म्हणाला, "मामा, मनोरा इथेच लावला तर आवाज पार रावेरपर्यंत जाईल." कल्पना छान आहे, एफ.एम.च्या लहरी सरळ रेषेत जातात, उंची असेल तेवढे चांगले. पण किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम चालत नाही आणि पुढच्या 200 मीटरवरही निर्बंध आहेत. तेव्हा किल्ला आपल्याला नुसता बघायचा आहे. पण भाच्याने हे मराठीत विचारले, याचा आम्हाला आनंद वाटला. त्याच्या बरोबरीची किती मुले आपल्या घरांत आता मराठीत प्रश्न विचारतात? आजीशी मराठी, आईशी अर्धी मराठी आणि भावाशी हिंदी, असे आपल्या घराघरांत चालले आहे. त्यात मुलांची चूक नाही. ती भाषा त्यांना घराच्या उंबऱ्याबाहेर कुठे ऐकूच येत नाही.

म्हणून पुढील ठराव या मेळाव्यापुढे ठेवतो.

1. खाजगी रेडिओला स्थानिक बातम्यांची परवानगी द्यावी आणि मोबाइलमध्ये एफ.एम. चालू ठेवणे सक्तीचे करावे, या मागण्यांना मंडळाने पाठिंबा द्यावा व तसे पत्र माहिती व प्रसारण मंत्रालयास आणि आपल्या खासदारांस पाठवावे.

2. बुरहानपूर व खंडवा येथील खाजगी वाहिन्यांनी रोज ठरावीक वेळ मराठीसह जिल्ह्यातल्या भाषांना द्यावा, अशी मागणी त्याच पत्रात करावी.

3. सामुदायिक रेडिओसाठी शिक्षणसंस्थांशी बोलणी करण्याकरिता पाच जणांची समिती नेमावी. त्यात निदान दोन महिला असाव्यात आणि कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी नसावा.

4. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, वरील मागण्यांवर लेखी उत्तर विचारावे आणि आलेली उत्तरे, न आलेल्यांच्या नावांसह, या पत्रकात छापावीत.

चौथ्या कलमावर काही जण नाराज होतील. उमेदवार आपल्याच नात्यातला असला तर काय करायचे, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, त्याला सर्वांत आधी विचारावे. नात्यातला आहे, तो नाही कशाला म्हणेल?

समितीला हिशेब लिहायला माणूस लागेल. ते काम आम्ही करू, मोबदला नको. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी दोन तास मोकळे असतात. आवाज ज्याचा चांगला आहे त्याने बातम्या वाचाव्यात. ज्या आजींना ओव्या पाठ आहेत त्यांनी त्या सांगाव्यात, आम्ही टेपवर घेऊन ठेवू. परवाना येवो तेव्हा येवो, कार्यक्रम तरी तयार असावेत.

मामांची बाग पुन्हा उभी राहिली आहे. वैशाख पुन्हा येईल. त्या दुपारी कोणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला असावे, एवढेच आमचे मागणे आहे.